आत्या, तू केसांसकट गेलीस

आत्या, तुला जाऊन अजून महिना झाला नाही आणि लोकांनी तुझ्या मरणाचं कारण परस्पर ठरवूनसुद्धा टाकलं. कल्याणहून उठून बायका ठाण्याला माझ्याकडे भेटायला येतात, कोरड्या डोळ्यांना पदर लावतात आणि चहा पिता पिता म्हणतात, "शेवटी ती डोक्यातली गाठच भोवली हो गोदूबाईंना." मी प्रत्येकीला सांगते, गाठ नव्हे, न्यूमोनिया. गाठ कापून टाकली त्याला कितीतरी वर्षं झाली, ती परत आली नाही, दर वर्षी सर्जन तपासत होते. त्या मान डोलावतात आणि जिना उतरताना पुन्हा तेच बोलतात. काल मी पाठोपाठ जिना उतरून गेले आणि खाली रस्त्यावर दोघींना गाठून परत सांगितलं. तुझ्या जावयांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला हाताला धरून वर आणलं. म्हणाले, "अगं, आता आत्याबाईंना काय फरक पडतो?" तुला पडत नसेल. मला पडतो. ज्या लढाईत तू जिंकलीस ती हरलीस असं कोणी म्हणत असेल तर मी ऐकून घेणार नाही.

ती गाठ आली तेव्हा चिंचोक्याएवढी होती. टाळूच्या जरा मागे, तुझ्या अंबाड्याच्या बरोबर खाली. आपण सगळे तिला आवाळू म्हणत होतो. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी ती सुपारीएवढी झाली होती आणि शाळेच्या झेंडावंदनाला अंबाड्याखाली नीट झाकली जात होती. पुढे तिचं लिंबू झालं. शेजारच्या काकूंनी त्यावर घोड्याचा केस बांधायला सांगितला. तू म्हणालीस, "टांगेवाल्याला विचारते, घोडा तयार आहे का." सगळ्यांना हसवून तू विषय संपवायचीस. तुझ्या केसांना दुसऱ्या कोणी हात लावलेला तुला चालत नसे, मग तो औषधासाठी का असेना. त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी बोलत नसे.

तू सतराव्या वर्षी विधवा होऊन पेणहून माहेरी कल्याणला परत आलीस. आजोबांनी रीतीप्रमाणे न्हाव्याला बोलावलं. तो परसात आला, धोपटी खाली ठेवली, वस्तरा परजायला लागला. तू शांतपणे उठलीस, त्याची धोपटी उचललीस आणि कात्री, कंगवा, वाटीसकट विहिरीत टाकलीस. हातात उरलेला वस्तरा घेऊन तो गृहस्थ जो गेला तो पुन्हा आपल्या दारात आला नाही, आणि दुसरा कोणी यायला तयार होईना. हा प्रसंग मला अण्णांनीच सांगितलेला, आत्या. माझे वडील, तुझा दादा. तेव्हा ते विशीचे होते आणि पायरीवर बसून पोट धरधरून हसले होते. त्यांनीच आजोबांशी भांडून तुला शाळेत घातलं, ट्रेनिंगला पाठवलं, मास्तरीण केलं. माझ्या लहानपणी तुझ्या वेणीकडे बघून ते म्हणायचे, "ही वेणी माझ्या खात्यावर आहे हं, गोदू." म्हणूनच मला पुढे जे झालं त्याचा इतका राग येतो. मुळातच सनातनी असते तर मी त्यांना सोडून दिलं असतं.

वय झालं तसे अण्णा देवदेव करायला लागले. आई गेल्यावर जास्तच. मग त्या आवाळूवरची कातडी फुटली आणि त्यातून वाहायला लागलं. विंचरताना फणीला रक्त लागायचं, उशीला वास यायचा. कल्याणच्या आपल्या डॉक्टरांनी गळू समजून चीर दिली, दाबून रिकामं केलं, मलमपट्टी केली. दोन महिन्यांत ते पहिल्यापेक्षा मोठं होऊन परत आलं. एके दिवशी जेवताना अण्णा म्हणाले, "गोदू, शरीरावर इतक्या जागा आहेत. ही नेमकी केसांतच का उठली, याचा जरा विचार कर." तू वरणात भात कालवत होतीस. तू म्हणालीस, "तुला मूळव्याध झाली तेव्हा मी काही विचार केला नव्हता, दादा." मी माहेरपणाला आले होते. मला ठसका लागला. अण्णा पानावरून उठून गेले.

मग मीच तुला ठाण्याला आणलं. आमच्या नौपाड्यातल्या घरापासून जवळच एका सर्जनचं लहानसं इस्पितळ होतं. उंच, चिडका, बोलताना समोरच्याकडे न बघणारा माणूस. त्यांनी तुझा अंबाडा सोडायला सांगितला आणि बराच वेळ नुसत्या बोटांनी चाचपत राहिले. गाठ कवटीवर सरकते का ते बघितलं. कानामागे, मानेच्या दोन्ही बाजूंना दाबून बघितलं. "बाई, हे आवाळू नाही," ते म्हणाले. "आवाळू आपल्या जागी शहाण्यासारखं बसून असतं. असं फुटत नाही, आणि कापल्यावर इतक्या जोमाने परत येत नाही." तू विचारलंस, "मग काय आहे?" ते म्हणाले, "मला माहीत नाही. तुकडा काढून मुंबईला पाठवू." माहीत नाही म्हणणारा डॉक्टर आपण पहिल्यांदाच बघत होतो. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "हा बरा दिसतो."

मुंबईहून निरोप आला की कर्करोग असावा. आठवतं, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि तू बाहेरच्या खोलीतून ओरडलीस, "सुमे, भात लागलाय." खरंच लागला होता. मरायची बातमी आलेल्या माणसाने भाताकडे लक्ष ठेवावं याचाही मला तेव्हा राग आला. अण्णांना कळलं तेव्हा ते देवापुढे बसून राहिले. मला वाटलं बहिणीसाठी बसलेत. बसलेही असतील.

पण सर्जनना ते पटेना. त्यांचं म्हणणं साधं होतं: इतकी वर्षं डोक्यावर बसलेला कर्करोग मानेच्या गाठींत उतरल्याशिवाय राहिला कसा? हाडाला चिकटला कसा नाही? ते स्वतः मुंबईला गेले, प्रयोगशाळेतल्या माणसाला सगळ्या काचा पुन्हा लावायला लावल्या आणि दोघांनी मिळून दिवसभर सूक्ष्मदर्शकातून बघितलं. परत आल्यावर त्यांनी आपल्याला बोलावलं. त्या दिवशी पहिल्यांदा ते तुझ्याकडे बघून बोलले. त्यांनी मनगटावरचा एक केस उपटला आणि उजेडात धरला. "हे मुळाशी पांढरं दिसतं का? केसाभोवतीचं वेष्टन आहे. तुमची गाठ त्या वेष्टनातून उठलीय. कर्करोगासारखी दिसते, वागते मात्र वेगळी. आजूबाजूचं खात नाही, ढकलत जाते. फार क्वचित होते. मी आजवर एकही बघितली नव्हती. पुस्तकात तिला तीन वेगवेगळी नावं आहेत, म्हणजे तिथेही कोणाला नीट माहीत नाही." तू म्हणालीस, "नाव नको. उपाय सांगा." त्यांनी सांगितलं. गाठ, तिच्या भोवतीची अंगठाभर चांगली कातडी, खाली थेट हाडावरच्या पडद्यापर्यंत, सगळं एकसंध काढायचं. जरा कमी काढलं तर ती परत येणार आणि एखाद्या वेळी खरोखरच कर्करोग होणार. खड्डा मांडीची कातडी लावून बुजवायचा. तिथे पुन्हा केस येणार नाहीत. आणि त्याआधी डोकं करायचं, सगळे केस काढून.

मी तुझ्याकडे बघितलं. तुझा चेहरा जसाच्या तसा होता, पण हात आपोआप अंबाड्याकडे गेला.

आणि मग अण्णांनी ती गोष्ट केली. आपण कल्याणला जाऊन त्यांना सगळं समजावून सांगितलं, मोठ्या आनंदाने, की मरणाची गाठ नाही, केसाच्या वेष्टनातून आलेली आहे, निघेल. अण्णांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बघ. डॉक्टरसुद्धा तेच म्हणतोय. केसाच्या मुळातूनच आली." त्यांच्या दृष्टीने निकाल लागला होता. दुसऱ्या दिवशी मी उठून बघते तो ओसरीवर भटजी पंचांग उघडून बसलेले, आणि खुंटीवर विधवेने नेसायचं नवं कोरं आलवण. डोकं करायचंच आहे तर ते रीतसर होऊ दे, सोमवारी, घरी, न्हाव्याकडून. मंत्र होतील, प्रायश्चित्त होईल. मग खुशाल शस्त्रक्रिया करा. आणि नंतर केस पुन्हा वाढवायचे नाहीत. अण्णांचा आवाज चढलेला नव्हता. उलट इतका मायेचा होता की मला शहारा आला. "गोदू, तेव्हा राहून गेलं ते आता होऊन जाऊ दे. मला तुझी काळजी वाटते गं."

मला वाटलं, तू भटजींसकट पंचांग विहिरीत टाकशील. तू "बरं" म्हणालीस, आत गेलीस, ट्रंक भरलीस, माझ्याकडून वेणी घालून घेतलीस, मला म्हणालीस, "चल, गाडी गाठायचीय." ओसरीवरून जाताना तू खुंटीवरचं आलवण काढून काखेत मारलंस. अण्णांना वाटलं, ते नेसायला नेतेयस. त्यांनी हातसुद्धा जोडले.

इस्पितळात तुझ्या शेजारच्या खाटेवर बाळकुमची एक म्हातारी होती. मिठागरात काम करता करता पाय चिरला होता तिचा. तुझं सगळं बोलणं तिने कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "बाय, केस जातील तं जाव दे. डोकी रायली म्हंजे झालं." तू तिला म्हणालीस, "तुझं बरोबर आहे, पण मला जरा भांडू दे." आणि तू सर्जनशी भांडलीस. त्यांनीच माघार घेतली. "गाठीभोवतीचे चार बोटं केस काढले तरी माझं काम होईल," ते म्हणाले. "बाकीचे राहू देत. मागून अंबाडा बांधलात तर कळायचंही नाही. फक्त एवढंच, की इतक्या दाट केसांत आणखी एखादी बारीक गाठ लपली असेल तर ती माझ्या बोटांना लागायची नाही. ठरवा तुम्ही." मी सुटकेचा श्वास टाकला. चार बोटं! अण्णांचं नाक कापलं जाणार होतं आणि तुझी वेणी राहणार होती.

तू म्हणालीस, "सगळे काढा."

तेव्हा मी तुझ्यावर किती ओरडले, आत्या. सिस्टर मला बाहेर काढायला निघाल्या होत्या. मी म्हटलं, तू तीस वर्षं सगळ्या गावाला तोंड दिलंस ते यासाठी? अण्णा म्हणतील त्यांचंच खरं झालं. तू मला खाटेवर बसवलंस आणि म्हणालीस, "सुमे, तेव्हा ते काढणार होते. आता मी काढतेय. एवढं कळत नसेल तर माझ्या शाळेत येऊन बस." मला कळत होतं. पण मला ते आवडत नव्हतं, आणि आजही आवडत नाही. हा वाद आपला कधी मिटला नाही. तू म्हणायचीस की केस राखायचे ते कोणाचं ऐकायचं नाही म्हणून, मग तेच केस सांभाळायला जीव धोक्यात घातला तर तेही ऐकणंच झालं. मी म्हणायची की माणसाने थोडं जिंकलेलं दिसावंसुद्धा. बोल आता. तुझ्याकडे उत्तर असणार, आणि मला ते ऐकायला मिळणार नाही.

सिस्टरनी आधी वेणी कापली आणि विचारलं, "बाई, ठेवायची का?" तू म्हणालीस, "उंदीर घर करतील." मग मशीन फिरलं. आणि तुझ्या उजव्या कानामागे, वरच्या बाजूला, सर्जनच्या बोटांना आणखी एक गाठ लागली. ज्वारीच्या दाण्याएवढी. केस असते तर ती राहून गेली असती. त्यांनी मला बोलावून ती दाखवली. तुला भूल देताना आकडे मोजायला सांगितले तर तू एकोणतीसचा पाढा म्हणायला लागलीस. सर्जन नंतर म्हणाले, "बाई पाचापर्यंत गेल्या, आणि मी मनात पुढचा म्हणून बघितला तर मला येईना."

मोठी गाठ निघाली ती सर्जननी मला बशीत दाखवली. आतून पांढरी, कोरडी, खरवसासारखी थरांची. बारकी दुसऱ्या बशीत होती. दोन्ही मुंबईला गेल्या आणि या वेळी शंका राहिली नाही. कडेची सगळी कातडी स्वच्छ होती. हे मी त्या जिना उतरणाऱ्या बायकांना सांगते: कडा स्वच्छ होत्या. त्यांना ते कळत नाही, पण मी सांगते.

पट्टी सुटल्यावर तू कल्याणला परत गेलीस ती निळ्या काठाचं पातळ नेसून, डोक्यावरून पदर न घेता. पारनाक्यापासून घरापर्यंत भर दुपारी, गोटा केलेलं डोकं, त्यावर तळहाताएवढी लाल जागा. मी तुझ्या बाजूने चालत होते. मला लाज वाटत नव्हती, भीती वाटत होती की कोणी काही बोललं तर मी त्याला मारीन. कोणी बोललं नाही. दारात अण्णा उभे होते. ते आनंदाने म्हणाले, "झालं ना सगळं?" आणि मग तुझ्या पातळाकडे बघून विचारलं, "आलवण कुठाय?" तू ते ठाण्यातच बोहारणीला दिलं होतंस. त्याच्या बदल्यात घेतलेला पितळेचा डबा तू ट्रंकेतून काढलास आणि त्यांच्या हातात दिलास. "तुझे बेसनाचे लाडू यात ठेवत जाईन," तू म्हणालीस. आणि ठेवत गेलीस, हा तुझा आणखी एक गुन्हा. मी असते तर एक लाडू दिला नसता.

सोमवारी तू वर्गावर उभी राहिलीस. एका चिमुरडीने विचारलं म्हणे, "बाई, तुम्हाला टक्कल पडलं?" तू म्हणालीस, "हो. पुढचं वाच." बाकीचे केस वाढले, पांढरे आणि रेशमासारखे वाढले. मधली जागा तशीच राहिली. मी तुझ्यासाठी हौसेने गंगावन आणलं, तू ते शाळेच्या स्नेहसंमेलनात राक्षसाच्या दाढीला देऊन टाकलंस. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. पण त्या शाळेतल्या किती मुलींनी पुढे कोणाकोणापुढे मान वर केली असेल, हे मोजता येण्यासारखं नाही. त्यातली एक मी आहे. माझी वेणी घालता घालता तूच मला नाही म्हणायला शिकवलंस आणि हे मी तुझ्या तोंडावर कधीच बोलले नाही. बोलले असते तर तू म्हणाली असतीस, भात बघ.

आणि ते नाही म्हणणं मला तुझ्यासाठीच वापरावं लागलं. तू माझ्या घरी, माझ्या मांडीवर गेलीस. सकाळच्या गाडीने अण्णा आले. तुझ्या पायाशी बसून ते लहान मुलासारखे रडले, मला त्यांची खरंच दया आली. मग भटजींनी त्यांच्या कानात काही सांगितलं आणि अण्णांनी डोळे पुसून मला म्हटलं, "सुमे, न्हाव्याला निरोप पाठव. केसांसकट नेता येत नाही. शेवटचं तरी शास्त्राप्रमाणे होऊ दे. आता तिला काय कळणार आहे?"

आत्या, तू जिवंत असताना ते आधी आजोबांना जमलं नाही, मग अण्णांना जमलं नाही. आता तू हात उचलू शकत नव्हतीस, म्हणून तिसरा प्रयत्न. मी तुझ्या उशाशी जाऊन बसले. माझ्या बापाला मी आयुष्यात उलट शब्द बोललेली नव्हते. मी म्हटलं, "अण्णा, न्हावी या घरात आला तर त्याला आधी माझे काढावे लागतील." भटजी उठून गेले. अण्णा म्हणाले, "मग मी येणार नाही." मी म्हटलं, "नका येऊ." मी तुझे केस विंचरले, मधोमध भांग पाडला, ती जागा झाकली नाही. तुझ्या जावयांनी अग्नी दिला. अण्णा आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. सख्ख्या बहिणीला पोचवायला आले नाहीत. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं.

तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. दादा आहे तो. त्याने मला शाळेत घातलं. म्हातारा झालाय, घाबरतो. तू त्यांना प्रत्येक वेळी माफ केलंस. तू माफ केलंस तो तुझा हक्क होता, पण तो वारशाने माझ्याकडे येत नाही. या एका बाबतीत मी तुझं ऐकणार नाही.

परवा दुपारी दार वाजलं. अण्णा. एकटे, काठी टेकत, कल्याणहून आलेले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरून विचारलं, "गोदूचा एखादा फोटो आहे का तुझ्याकडे?" फोटो एकच आहे, तू शाळेतून निवृत्त झालीस तेव्हा मुलींनी काढून घेतलेला. मी तो आणून त्यांच्या हातात दिला. ते तिथेच जिन्यावर बसले. फोटो डोळ्यांजवळ नेला, मग बोट तुझ्या डोक्यावरच्या त्या जागेवर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हे दुखायचं का गं तिला?"

"इतकी वर्षं तुमच्याच घरात होती," मी म्हणाले. "तिलाच विचारायचंत."

मी एवढंच बोलले. चहा मात्र केला, आणि तो तिथे जिन्यावरच त्यांच्या हातात दिला.